निगेटिव्ह स्लाइड पुन्हा कोण पाहणार?

अध्यक्ष म्हणून हाती असलेला वेळ मी एकाच प्रश्नासाठी वापरणार आहे. पॅप स्मिअरच्या ज्या स्लाइडवर आपण ‘निगेटिव्ह’ असा शेरा मारतो, ती पुन्हा कोण पाहतं?

पॉझिटिव्ह रिपोर्टची पारख होतेच. टेक्नॉलॉजिस्टने ठिपका दिलेली स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे येते, पुढे कोल्पोस्कोपी आणि बायोप्सी होते, आपलं चुकलं असेल तर लवकर कळतं. निगेटिव्ह रिपोर्ट फाइलला लागतो आणि बाई निर्धास्त होऊन घरी जाते. चूक झाली असेल तर ती काही वर्षांनी कर्करोग होऊन समोर येते.

अमेरिकेत हे १९८७ साली चव्हाट्यावर आलं. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये वॉल्ट बोग्डॅनिच यांनी, स्लाइडमागे मोबदला देऊन भरमसाट स्लाइड्स वाचून घेणाऱ्या प्रयोगशाळांबद्दल लिहिलं. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि त्याखाली नियम आले. एका व्यक्तीने २४ तासांत १०० पेक्षा जास्त स्लाइड्स पाहायच्या नाहीत. निगेटिव्हपैकी किमान १० टक्के पुन्हा पाहायच्या. हाय-ग्रेड बदल सापडला तर त्या बाईच्या मागच्या ५ वर्षांतल्या निगेटिव्ह स्लाइड्स काढून तपासायच्या. १०० ही कमाल मर्यादा आहे. तिला रोजचं उद्दिष्ट मानणाऱ्या व्यवस्थापनाला आपण ठाम नकार द्यायला हवा.

१० टक्क्यांचा नियम मला अपुरा वाटतो. सरसकट उचललेल्या स्लाइड्समध्ये नेमकी चुकलेली स्लाइड येण्याची शक्यता दहात एक. ब्रिटनमध्ये सगळ्याच निगेटिव्ह स्लाइड्सवरून साधारण मिनिटभर झरझर नजर फिरवण्याची पद्धत रुजली, ती मला अधिक पटते. सुटणाऱ्या स्लाइड्स कशा असतात, हे आपण जाणतोच. मोजक्याच विकृत पेशी, फिकट केंद्रकं, नाहीतर एंडोसर्व्हायकल समजून सोडून दिलेले दाट पुंजके. थकलेल्या डोळ्यांना हेच आधी चकवतं.

जिथे बायकांना दर ३ किंवा ५ वर्षांनी बोलावणं जातं, तिथे एकदा सुटलेला बदल पुढच्या स्मिअरमध्ये सापडू शकतो. आपल्याकडे शिबिरात आलेली बाई बहुधा पुन्हा येत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार महिलांवर झालेला अभ्यास २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या सायटॉलॉजीने लक्षणीय घट दिसली नाही. आपल्याच जिल्ह्यातला हा निष्कर्ष आपण मोकळेपणाने स्वीकारला पाहिजे. एचपीव्ही तपासणी वाढावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तरी पॉझिटिव्ह आलेल्या बायकांमधून पुढे कुणाला पाठवायचं, हे ठरवायला स्मिअर लागतो. आणि एचपीव्ही तपासणीची सोय पोहोचेपर्यंत कित्येक तालुक्यांत स्मिअरच आहे.

दोष दरवेळी वाचणाऱ्याचा नसतो. पेशी नीट खरवडल्या नाहीत, किंवा स्लाइड ९५ टक्के अल्कोहोलमध्ये लगेच न टाकता वाळू दिली, तर केंद्रकं फुगतात, क्रोमॅटिनचा तपशील पुसट होतो. अशा स्लाइडला ‘निगेटिव्ह’ म्हणणं हा त्या बाईवर अन्याय आहे. ‘असमाधानकारक’ लिहा आणि नमुना घेणाऱ्या सिस्टरला फोन करून कारण सांगा.

कार्यकारिणीपुढे मी एक ठराव ठेवते आहे. बायोप्सी दुसऱ्याच रुग्णालयात होते आणि तिचा निकाल आपल्यापर्यंत पोहोचत नाही, ही आपली मोठी उणीव आहे. आपल्या सभासद प्रयोगशाळांनी हे निकाल एकमेकांना कळवावेत. हाय-ग्रेड किंवा कर्करोग निघाला की त्या बाईच्या जुन्या स्लाइड्स काढून टेक्नॉलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टने एकत्र बसून पाहाव्यात, आणि त्यात जे सापडेल त्यावरून कुणाच्याही पगाराला किंवा नोकरीला धक्का लावू नये. सुरुवात पुढच्या तिमाहीपासून, ज्या प्रयोगशाळा आज हात वर करतील त्यांच्यापासून करू.