बल्लवाचार्य विद्यापीठात



अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं २०१० साली विज्ञान आणि पाककला असा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या जोडीनं सर्वांना खुली असलेली व्याख्यानमालाही चालू झाली. तिथं बोलणाऱ्यांत शेफ होसे आंद्रेस होते. जन्म स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातला, उमेदवारी शेफ फेरान आद्रियांच्या 'एल बुली' या उपाहारगृहात आणि १९९३ पासून वॉशिंग्टनमधल्या 'हालेओ' या उपाहारगृहामुळे झालेलं नाव. त्यांच्याकडे ऑलिव्हच्या रसात कॅल्शियमचा क्षार घालून त्याचे थेंब अल्जिनेट या समुद्री शेवाळातल्या द्रव्याच्या पाण्यात सोडतात. दोन्ही भेटतात तिथं पातळसं साल धरतं, आत रस तसाच राहतो. हे रसायनशास्त्रच आहे, आणि त्याला विद्यापीठात मानाची जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे.

पण आंद्रेस यांना त्याच वर्षी आणखी एक पाठ मिळाला, तोही एका छावणीत. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भीषण भूकंप झाला. आंद्रेस तिथं गेले आणि बेघर झालेल्या लोकांसाठी काळा घेवडा शिजवू लागले. तिथल्या बायकांनी त्यांना सांगितलं, आम्ही असा खात नाही. आपण वरण घोटतो तसा तो घोटायचा, चाळणीतून गाळायचा आणि दाटसर रस्सा करायचा. एवढ्या नावाजलेल्या शेफनं ते ऐकलं आणि तसंच केलं. मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो. घर कोसळलं म्हणून माणसाची आवड काही कोसळत नाही. मदत घेणाऱ्यानं पुढ्यात येईल ते मुकाट खावं, ही अपेक्षा क्रूर आहे.

त्याच वर्षी त्यांनी 'वर्ल्ड सेंट्रल किचन' ही संस्था काढली. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळानं पोर्तो रिको बेटाची वीज गेली, रस्ते तुटले. आंद्रेस यांनी बंद पडलेली स्थानिक उपाहारगृहं, तिथलेच आचारी आणि सान हुआनचं मोठं क्रीडागृह कामाला लावलं. लोकांना सांकोचो हे त्यांच्या ओळखीचं कालवण मिळालं, चिकन घातलेला भात मिळाला. तीस लाखांहून अधिक जेवणं गेली. स्वयंपाक तिथलाच आणि हातही तिथलेच, त्यामुळे काही लोकांना पोट भरण्याबरोबर रोजगारही मिळाला.

या कामाची किंमतही मोठी आहे. १ एप्रिल २०२४ ला गाझात, देर अल-बलाहच्या गोदामात अन्न उतरवून निघालेले या संस्थेचे सात जण इस्रायली हल्ल्यात मारले गेले. काम थांबलं, पण महिना संपायच्या आत पुन्हा सुरू झालं.

वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात आंद्रेस यांनी २०१३ मध्ये अन्न आणि संस्कृती या विषयावर वर्ग घेतला होता. २०२३ मध्ये तिथंच त्यांच्या पुढाकारानं अन्नविषयक संस्था उभी राहिली. अन्नाचं धोरण, आरोग्य आणि भूक यांचा विचार तिथं एकत्र होतो. तिथं शिकणाऱ्यांना अल्जिनेटइतक्याच बारकाईनं हैतीतला तो घेवडाही शिकवला जावा, असं मला फार वाटतं.