एस.टी.ने कळसूबाई
(मंडळाच्या सभेतील भाषण)



"गुडघे दुखतात, आणि डोंगर कसला चढतेस?" असे घरी सर्वांनीच विचारले. परंतु १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धे तिकीट आहे; पैशाची सबब उरली नव्हती. मी व थोरल्या जाऊबाई निघालो. केशोरीहून एस.टी.ने अर्जुनी-मोरगाव, पुढे रेल्वेने गोंदियावरून इगतपुरी, आणि पुन्हा एस.टी.ने पायथ्याचे बारी गाव.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. सारा डोंगर लाव्हारसाच्या थरांचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो रस वाहिला, तेव्हा आपला देश म्हणजे समुद्रातून उत्तरेकडे सरकणारे एक बेटच होते! आपल्या केशोरीकडचा खडक त्याहूनही कितीतरी जुना. अर्थात गुडघ्यांना हे सांगून काय उपयोग?

उभ्या कातळाला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. पहिल्याच शिडीपाशी जाऊबाई बसल्या. "तू पुढे हो, मी हळूहळू गावात उतरते." ओटीचे सामान माझ्या हाती दिले. लग्नानंतर एकटीने कुठे गेल्याचे मला आठवेना. खाली पाहिले, वर पाहिले, आणि पदर खोचला.

माथ्यावरच्या लहानशा देवळात दोघींच्या नावाने ओटी भरली. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते. मी बसले ती बसलेच!

उतरेपर्यंत परतीची गाडी निघून गेली होती. जाऊबाई रागावतील म्हणून मी घाबरत गावात शिरले. त्या एका घराच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या; रात्रीच्या मुक्कामाचे त्यांनी केव्हाच ठरवून टाकले होते.