हृदयविकाराचा प्रतिबंध : इराणमधील खेड्यांचा अनुभव

हृदयविकार हा पेढीवर बसणाऱ्या शेठजींचा रोग, नांगरामागे चालणाऱ्याला त्याची बाधा होत नाही, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. आज ती टिकणारी नाही. छातीत कळ येऊन माणूस शेताच्या बांधावरच कोसळला, सकाळी उठताना एक बाजू लुळी पडली, अशी उदाहरणे आता कोणत्याही गावाला अपरिचित राहिलेली नाहीत. घरातील कर्ता माणूसच यात सापडला, तर साऱ्या कुटुंबाची घडी विस्कटते. रोगाची वाटचाल मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे मुकाट्याने चालू असते.

ही वाटचाल ओळखण्याचे शास्त्र फार जुने नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यास प्रारंभ झाला. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा भावी हृदयविकाराशी निकट संबंध आहे, हे त्यातून उघड झाले. पुढे रक्तदाब उतरविणारी औषधे व कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील औषधे यांची उपयुक्तता प्रयोगांनी सिद्ध झाली. २००३ साली इंग्लंडमधील वाल्ड आणि लॉ या संशोधकांनी अशी काही औषधे एकाच गोळीत एकत्र करण्याची कल्पना मांडली. पंचावन्न वर्षांवरील सर्वांनी ती घेतल्यास हृदयविकार व पक्षाघात ८० टक्क्यांहून अधिक टळतील, असा त्यांचा हिशेब होता. पण तो कागदावरचा हिशेब. खेड्यातील माणूस, ज्याला काहीही दुखत-खुपत नाही, तो रोज गोळी घेईल काय?

या प्रश्नाचे उत्तर इराणच्या ईशान्येकडील गुलिस्तान प्रांताने दिले. तेथील २३६ खेडी प्रयोगासाठी निवडण्यात आली आणि २०११ ते २०१३ या काळात पन्नाशी उलटलेल्या ६,८३८ स्त्री-पुरुषांचा त्यात समावेश झाला. कोणत्या खेड्याला गोळी द्यावयाची, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आले. माणसांऐवजी गावे वाटून घेण्यात एक व्यवहारज्ञान आहे. एकाच आळीत एकाला गोळी मिळाली व शेजाऱ्याला मिळाली नाही, तर गोळ्यांची देवघेव व्हावयास कितीसा वेळ लागणार!

आहार-विहाराचा उपदेश मात्र दोन्ही बाजूंच्या गावांना सारखाच होता : मीठ, साखर व स्निग्ध पदार्थ कमी करावेत, अंगाला व्यायाम असावा, वजन आटोक्यात ठेवावे, तंबाखू आणि त्या भागात प्रचलित असलेली अफू वर्ज्य करावी. निम्म्या गावांना याखेरीज दररोज एक गोळी मिळाली. तीत ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबावरील दोन औषधे अल्प मात्रेत होती.

पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ उपदेश मिळालेल्या ३,४१७ जणांपैकी ३०१ जणांना हृदयविकार, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर आघात झाले; गोळी मिळालेल्या ३,४२१ जणांत हा आकडा २०२ होता. म्हणजे धोका सुमारे एक-तृतीयांशाने घटला. गोळी नियमितपणे घेणाऱ्यांत तर तो निम्म्याहूनही खाली आला. अर्थात, जो गोळी चुकवीत नाही तो पथ्यही चुकवीत नसणार, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय या प्रयोगात तुलनेसाठी निर्गुण गोळी दिलेली नव्हती. आपणांस औषध मिळते किंवा नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते.

ऐंशी टक्क्यांचे स्वप्न चौतीस टक्क्यांवर आले म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही. शंभर माणसांमागे नऊऐवजी सहाच आघात होणे, म्हणजे तीन घरे वाचणे होय.

एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ॲस्पिरिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांनुसार निरोगी वृद्धांना ते सरसकट देणे हितावह नाही. म्हणून गोळी डॉक्टरांनी तपासून दिलेलीच घ्यावी. शेजाऱ्याच्या पुडीतील घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अशा संयुक्त गोळ्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा यांचा समावेश होता. त्यातील पद्धत साधी आहे : ठराविक औषधे, ठराविक क्रम, घराजवळच्या केंद्रातून एकदम महिनाभराच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. या नोंदीचे महत्त्व विशेष. पेरणीच्या धांदलीत वा ऊसतोडीला गेल्यामुळे ज्याची महिन्याची फेरी चुकली, त्याचे नाव तीवरूनच कळते. त्याच्या दारी आशा कार्यकर्ती जाऊ शकते, ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा शाळेतील गुरुजीही वाटेत थांबून विचारू शकतात, "आबा, या महिन्याच्या गोळ्या आणल्या का?"