सोयऱ्याची थट्टा



दीक्षान्त समारंभात पाहुण्यानं गंभीर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र हसण्याविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी तुम्हाला गोंडांच्या यात्रेला, कचारगडच्या गुहेकडे नेणार आहे.

गोंदियाहून दुर्गकडे जाणारी पॅसेंजर आमगाव, सालेकसा घेत दरेकशाला थांबते. तिथून धनेगाव आणि पुढे जंगलातली दमछाक करणारी चढण. माघी पौर्णिमेला या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, जिथून म्हणाल तिथून गोंड माणसं आलेली असतात. 1980 च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी ही यात्रा सुरू केली, तेव्हा मूठभर माणसं होती.

इथली कथा तुमच्यातल्या अनेकांना आजीनं सांगितली असेल. कली कंकालीची 33 मुलं गुहेत कोंडली गेली, तोंडावर शिळा आली. जंगो रायताड, पहांदी पारी कुपार लिंगो आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर यांनी त्यांना सोडवलं. शिळा सरली, पण हिरासुका तिच्याखाली गेला. पुढे लिंगोनं गोत्रांची आणि नात्यांची घडी बसवून दिली. या घडीतच आजचा माझा विषय आहे.

गोंडांत प्रत्येक कुळाच्या देवांची संख्या ठरलेली: कोणी चार देवांचा, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. देवांची संख्या जुळली की ते भाऊ. त्यांच्यात लग्न होत नाही. नाही जुळली तर सोयरे. भावाशी मर्यादेनं वागायचं. सोयऱ्याची मात्र थट्टा करायची मुभा.

एका यात्रेत चढणीवर एक आजी धापा टाकत दगडावर टेकल्या होत्या. आदिलाबादकडच्या. शेजारी बालाघाटचा एक मिशाळ गडी. गोंडी दोघांनाही येत होती, पण एकीची तेलुगूकडे झुकलेली, दुसऱ्याची हिंदीकडे. निम्मं इकडचं तिकडे पोचत नव्हतं. त्यानं गोत्र विचारलं, देव विचारले. सोयरीक निघाली. गड्याची कळी खुलली. म्हणाला, चला, पाठीवर बसवून गुहेपर्यंत नेतो, पण मग परत गावी सोडणार नाही. आजींनी आधी श्वास घेतला, मग त्याच्या मिशांकडे बोट करून काहीतरी सुनावलं. मला एक अक्षर कळलं नाही. भोवतालची वीसेक माणसं खो खो हसली, गडी मिशा झाकत हसला, आणि मीही हसलो. मी कशाला हसलो, हे मला आजही सांगता येणार नाही.

सांगायची गरजही नाही, असं रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणाले असते. या अमेरिकी शास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना घेऊन बाजारांत, फूटपाथवर लोकांची बोलणी टिपली. हसण्याचे 1,200 प्रसंग गोळा झाले. त्यात विनोद म्हणावा असं काही बोललं गेलं होतं ते जेमतेम 10 ते 20 टक्के वेळा. बाकी सगळं ‘बरं, निघतो मी’ अशा थाटाचं. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या 30 पट चारचौघांत हसतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांना तर असं दिसलं की मिळून हसल्यावर वेदना सोसण्याची ताकद वाढते. कचारगडची चढण चढलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

पण थट्टेसाठी सोयराच का? रॅडक्लिफ-ब्राऊन या मानवशास्त्रज्ञानं 1940 मध्ये यावर एक लेख लिहिला. लग्नानं जोडलेली दोन घरं जवळची असतात आणि परकीही असतात. भांडण कधीही पेटू शकतं. थट्टेची रीत ठेवली की टोचून बोलता येतं आणि रागवायचं मात्र नसतं. आपल्याकडे विहिणीची पंगत कुणी पाहिली असेल त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीला हे मिळून हसणं अंगवळणी आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा खडी गंमत, रात्री नाटक, तेही पहाटेपर्यंत. वडशाहून निघालेल्या कंपन्या गावामागून गाव घेतात. नाटक कितीही रडवणारं असो, विनोदी पात्र लागतंच. अशा भूमिकांनी झाडीपट्टीला हसवणाऱ्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्या मांडवात तिकिटाचे दर वेगवेगळे असतात, हशा मात्र खुर्चीवर आणि जमिनीवर एकदमच फुटतो.

आता दुसरं हसणं. तुमच्यातले काही नागपूरला जातील, काही पुण्याला. पुण्यात तुमच्या बोलीतल्या ‘काऊन’वर, ‘जाऊन रायलो’वर हशा पिकेल. एका शहरातल्या एका कार्यालयात मी हे पुष्कळ झेललं आहे. ‘अरे, गंमत करतोय,’ असंच म्हणायचे सगळे. हसणारे तेवढेच, आवाजही तसाच. मग कचारगडच्या त्या हशात आणि या हशात फरक काय? आजींना उलट टोला हाणता येत होता. गड्याला ते ठाऊक होतं, किंबहुना तो त्याचीच वाट पाहत होता. मला तोंड उघडायची सोय नव्हती. ज्याची थट्टा झाली त्याची पाळी पुढे येते की नाही, एवढंच पाहायचं. येत असेल तर दोन परकी माणसं सोयरी होतात. येत नसेल तर खोलीतले बाकीचे एक होतात आणि एक जण बाहेर राहतो. हसण्यानं माणसं जोडली जातात असं सरसकट बोलतात, तेव्हा हा बाहेर राहिलेला कुणी मोजत नाही.

तुम्ही उद्या शिक्षक व्हाल, तलाठी व्हाल, परिचारिका, बँकेत अधिकारी व्हाल. टेबलाच्या पलीकडे कुणीतरी अर्ज चुकीचा भरून उभा असेल, आणि त्याच्यावर हसणं फार सोपं असेल. त्याला पाळी नसते. आणखी वर चढलात तर तुमच्या प्रत्येक विनोदावर सगळं कार्यालय हसेल. तो विनोद चांगला होता असं कृपा करून समजू नका. तुमच्या तोंडावर तुमची नक्कल करण्याची हिंमत एखाद्या शिपायाला झाली, तर त्या दिवशी त्याला चहा पाजा.

माझी वेळ संपली. आता नावं पुकारली जातील. पुकारणारे सर कोल्हापूरकडचे आहेत. रहांगडाले, कोडापे, उईके, सलामे ही नावं त्यांच्या जिभेवर कशी वळतात ते आपण सगळे ऐकणारच आहोत. हसू आलं तर खुशाल हसा. माइक त्यांच्याच हातात आहे, उत्तर द्यायला ते समर्थ आहेत. या सर.