निवारा बांधणे आणि निवारा चालविणे



शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवावीत, ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. नव्या निवाऱ्यांचे आराखडे आखण्याची वेळ त्यामुळे नगरपालिकांवर आली. आराखडा म्हटला की प्रथम इमारत सुचते. इमारतीला कोनशिला असते आणि कोनशिलेवर नावे कोरता येतात.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी निराळा हिशेब मांडतो. रोज दहा कुत्री आणून, निर्बीजीकरण करून व लस टोचून पाचव्या दिवशी सोडावयाची असतील, तर पन्नास पिंजरे पुरतात. तीच आजन्म ठेवावयाची झाली, तर पहिल्याच वर्षी ३,६५० जागा लागतील आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ तितक्याच आणखी. रस्त्यावरचा कचरा तसाच राहिला, तर रिकाम्या जागी नवी कुत्री येणारच. पिंजरा एकदाच बांधावा लागतो. अन्न, पाणी, औषध आणि पशुवैद्य रोज लागतात. हा आवर्ती खर्च अंदाजपत्रकात कोठे दाखविला आहे? (कुत्र्यांना मत नाही, ही अडचण आहेच.)

आणि विष्ठा काढणारा, चावे सोसणारा कामगार? त्याला कंत्राटावर राबवून भूतदया साधावयाची काय? रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून प्रतिबंधक लस त्याला कामावर रुजू होण्यापूर्वीच मिळाली पाहिजे, आणि तिचा खर्च त्याच्या पगारातून कापता कामा नये.