तोडलेल्या झाडाचा हिशेब



ज्या जिल्ह्यात वन म्हणजे जिंतूरकडील डोंगरांच्या उतरणी, गंगाखेडच्या बाजूचे बालाघाटाचे काही माथे आणि गावोगावच्या गायरानांवर तग धरून राहिलेली बाभळी-बोरींची झुडपे एवढेच मानावे लागते, त्या परभणीत विकासकामांसाठी वनभूमी मोकळी करताना निघणाऱ्या लाकडाचा विचार करण्यासाठी परिषद भरावी, यात कोणास विसंगती दिसेल. पण ज्याच्या कणगीत धान्य थोडे, त्यानेच ते मापून दळावे हे बरे. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वृक्षाच्छादन असावे असे ध्येय ठेवले. त्या ध्येयापासून आपण किती योजने दूर आहोत हे येथे सांगण्याचे कारण नाही.

प्रश्न रस्त्यांचा, कालव्यांचा आणि तलावांचा आहे. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण 1968 मध्ये पूर्ण झाले, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने गोदावरीचे पाणी आपल्या काळ्या रानात आणले, कल्याण-निर्मल मार्ग पाथरी-मानवत-परभणीवरून रुंदावत गेला, आणि समृद्धी महामार्गास नांदेड जोडणारा रस्ता आता आपल्या जिल्ह्यातून जाण्याचे ठरले आहे. यांतील प्रत्येक कामाची आवश्यकता मी मान्य करतो. माझी तक्रार झाड पडल्यानंतरच्या कारभाराविषयी आहे.

वनजमीन अन्य कामासाठी वळवावयाची झाल्यास 1980 च्या वन संवर्धन अधिनियमान्वये प्रस्ताव जातो. त्यात झाडांची जातवार व घेरवार गणना असते. निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम व पर्यायी वनीकरणाचा खर्च भरला जातो. मग झाड पडते, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का बसतो, वाहतूक परवाना निघतो, आगारात थप्पी लागते, लिलाव होतो, आणि दफ्तर बंद होते. परंतु खोड म्हणजे संपूर्ण झाड नव्हे. फांद्या, शेंडे, गणनेच्या घेरात न बसलेली रोपटी, झुडपे, खुंट आणि मुळे यांचे काय होते, हे विचारले तर कागद मौन पाळतात. वस्तुतः 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने वनोपजाची व्याख्या करताना पानाफुलांनाही वगळलेले नाही. पण मक्तेदाराला मुदतीचा तगादा असतो. यंत्राने ढीग लोटला जातो, कधी जागीच पेटविला जातो, कधी भरावाखाली गाडला जातो. तलावाच्या बुडीत क्षेत्रात हे लाकूड तसेच राहिले, तर पाण्याखाली हवेविना कुजून मिथेन वायू सोडते, आणि पुढे मासेमारांची जाळी फाडीत बसते.

आमच्याकडील झाडांचा स्वभावच असा की या दुर्लक्षाने तोटा अधिक होतो. कोरड्या मुरमाड उतारावरचा साग खुरटा असतो, बाभूळ व हिवर खालपासूनच फांद्या फेकतात. म्हणजे इमारती लाकूड थोडे आणि बाकीचा पसारा मोठा. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, या पसाऱ्याची तरतूद तोडीनंतर नव्हे, तोडीच्या अंदाजपत्रकातच, निविदेच्या अटींत, स्वतंत्र कलम म्हणून व्हावी. सरळ ओंडका आरागिरणीकडे जावा; बाभळीचे वाकडे पण चिवट लाकूड अवजारे करणाऱ्या सुताराला मिळावे; मनगटाएवढ्या फांद्या सरपणाला व कोळशाला जाव्यात; काटक्यांचे बारीक तुकडे करून त्यांचे आच्छादन भरावाच्या उतारावर पसरावे. पाल्याविषयी मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. पाळीने तोडल्या जाणाऱ्या चालू कुपात पाला व साल जागीच ठेवावी, कारण झाडातील पोषणद्रव्यांचा मोठा वाटा त्यांत असतो, हा वनशास्त्राचा सर्वमान्य नियम. पण जी माती डांबराखाली जाणार तिच्यावर पाला ठेवून कोणाचे पोषण होणार? तेथे पाला आणि वरची वीतभर माती, दोन्ही उचलून पर्यायी वनीकरणाच्या खड्ड्यांकडे न्यावीत.

जळणाच्या बाबतीत वखारवाल्यांना जे ठाऊक आहे ते अभियंत्यांनी शिकण्याजोगे आहे. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते वजनावर विकणारा पाणी विकतो आणि जाळणारा आपल्या उष्णतेचा काही भाग वाफ करण्यात घालवितो. तोड हिवाळ्यात करून चैत्र-वैशाखात थप्पी उघडी ठेवली, तर मराठवाड्याचे ऊन हे काम फुकट करते. मक्त्याच्या मुदतीत हे दोन महिने बसविणे अशक्य नाही. ते कोणाच्या मनात येत नाही, एवढेच.

आता मला ज्याची भीती वाटते ते सांगतो. लाकडाला किंमत आली की तोडीला निमित्त मिळते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले तेव्हा हिंदुस्थानात मोटारी लाकडी कोळशाच्या वायूवर धावू लागल्या, आणि त्या काळच्या रानांवर त्याचा भार पडला. आजच्या इंग्लंडात यॉर्कशायरमधील ड्रॅक्सचे वीजकेंद्र अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून जहाजांनी आलेल्या लाकडी गोळ्या जाळते. गिरण्यांचे अवशेष वापरण्याच्या युक्तिवादाने सुरू झालेला हा व्यापार उभ्या झाडांपर्यंत पोहोचला, असा तेथील वनप्रेमींचा आक्षेप आहे. केंद्र सरकारने 2021 च्या धोरणाने औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर जैवइंधन जाळणे बंधनकारक केले, ते मुख्यतः शेतातील अवशेषांसाठी. आणि आमच्या जिल्ह्यात पऱ्हाट्या व तुराट्या वर्षानुवर्षे शिवारातच निघतात, बांधावर जळतात. बॉयलरला त्यांचा दाबून केलेला पांढरा कोळसा द्यावा. रस्त्यासाठी पडलेले झाड हा एकदाच येणारा माल आहे. त्याच्या भरवशावर कारखाना काढणारा इसम उद्या दुसरे रान मागणार, हे ओळखून कोणत्याही कायम पुरवठ्याच्या करारात असे लाकूड धरण्यास मज्जाव असावा, आणि त्याचे उत्पन्न प्रकल्पाच्या जमेच्या बाजूस कधीही दाखवू नये, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

राहता राहिला हक्काचा प्रश्न. तोडीपूर्वी जी बाई त्या गायरानातून मोळी आणीत होती, तिचे सरपण तोडीबरोबर कायमचे बंद होते. गॅसची टाकी घरात असली तरी पुढच्या भरणीचे पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हे आपण सर्व जाणतो. मुंबई राज्यात 1947 पासून जंगल कामगार सहकारी संस्थांना कुपे देऊन ठेकेदार दूर सारण्याचा प्रयोग झाला. त्यात दोष शिरले, तरी तोडणाऱ्या हातांना मालात वाटा असावा हे तत्त्व त्यातून दफ्तरात आले. त्याच न्यायाने फांदीमाल प्रथम लगतच्या ग्रामपंचायतीस पंचनाम्यानिशी, विनामूल्य द्यावा आणि उरेल त्याचाच लिलाव करावा, असा ठराव मी मांडतो. महसूल व वन या दोन खात्यांत तो माल सरकारजमा धरावा की नाही याविषयी मतभेद होतील. दुपारच्या सत्रात दोन्हीकडचे अधिकारी समोरासमोर बसणार आहेत, तेव्हा कलमाचा मसुदा तेथेच वाचून दाखविण्यात येईल, आणि हरकती लेखी घेण्यात येतील.