न सांगितलेली दुखणी



आज परिचर्येची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काही जण शहरातल्या रुग्णालयांत जातील, काही जण उपकेंद्रावर रुजू होतील. नेमणूक कुठेही मिळो, एक गोष्ट मनात पक्की ठेवा. समाजातली बरीचशी दुखणी ओपीडीपर्यंत येतच नाहीत. ती शोधायला कुणाला तरी दारोदार जावं लागतं. हे काम परिचारिकेला जमतं, कारण लोक तिला आतल्या खोलीपर्यंत येऊ देतात.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्क्यांची. बाकीच्या बहुतेक जणी दुखणं अंगावर काढत होत्या. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि नोंदच नव्हती, म्हणून सरकारदरबारी ते दुखणं नव्हतंच.

त्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ होता. गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली गेली आणि १९९८पर्यंत तो २५च्या आसपास आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्यांना शिकवायचं, अडल्या वेळी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, ही आता तुमची जबाबदारी.

बाळंतिणीच्या घरी गेलात की घाई करू नका. आधी हात धुवा. बाळाचे तळपाय गार लागतात का, पाहा. बाळ शांत असताना घड्याळ समोर धरून पुरतं एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तेवढेच भरले तर बाळाला ताबडतोब दवाखान्यात पाठवा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचा मोह टाळा.

पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढले की सलाईन लावून थांबू नका. नळाच्या अगदी शेवटच्या घरातलं पाणी घ्या, त्यात क्लोरीन तपासायचे ओटीचे (ऑर्थोटोलिडीन) थेंब टाका. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर ग्रामपंचायतीत जा. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली ते विचारा, पाइप गटारातून जातो का ते स्वतः पाहा, आणि गरज पडली तर विषय ग्रामसभेत मांडा. तिथे उभं राहून बोलणं हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हेच केलं. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक दगावले, हे त्यांनी आकड्यांनिशी आणि आलेख काढून राज्यकर्त्यांपुढे मांडलं. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने १८५८ साली सदस्य म्हणून निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री.

तुमच्या हातातही असेच आकडे असतील. एका उपकेंद्राकडे साधारण ५ हजार, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्या असते. एवढ्यांच्या तब्येतीचं खरं चित्र फक्त तुमच्या नोंदवहीत असणार आहे. तिच्यावर दबावही येईल. कुपोषित मूल ‘साधारण’ लिहा, घरी दगावलेलं बाळ वगळा, असं कुणीतरी सुचवेल. त्याचं ऐकू नका. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर तेवढाच लिहा. लपवलेल्या मृत्यूचं कारण कुणी शोधत नाही, आणि मग त्याच कारणाने पुढचं मूल जातं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: दारापर्यंत जा, विचारा, मोजा, खरं तेच लिहा आणि लिहिलेल्याचा पिच्छा सोडू नका.